आयसीसीयू म्हणजे शेवटचा मुक्काम नव्हे

‘आयसीसीयूत हलवलं’ असा फोन आला की घरात रडारड सुरू होते. हृदयरुग्णांच्या या अतिदक्षता विभागात गेलेला माणूस परत येत नाही, हा समज चुकीचा आहे.

१९६० च्या सुमारास हार्ट अटॅकने दाखल झालेल्यांपैकी साधारण ३० टक्के रुग्णालयातच दगावत. बरेचसे ठोक्यांची लय अचानक बिघडून. १९६१ मध्ये स्कॉटलंडमधल्या एडिंबरात डेस्मंड ज्युलियन या डॉक्टरांनी सुचवलं, की अशा रुग्णांना एकत्र ठेवा, ईसीजीवर सतत नजर ठेवा, लय बिघडताच छातीवर विजेचा शॉक द्या. तेवढ्यानेच मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पुढे हृदयाच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारी औषधं नि अँजिओप्लास्टी आली. वेळेत पोचलेले बहुतेक जण आज काही दिवसांत घरी जातात.

तरी तिथे मृत्यू होतात, कारण रुग्ण बदलले. हार्ट फेल्युअरसोबत निकामी किडनी, जंतुसंसर्ग, व्हेंटिलेटर अशी गुंतागुंत असलेले वयस्क आता जास्त असतात. कार्डिओजेनिक शॉकमध्ये, म्हणजे हृदय पुरेसं रक्त ढकलू न शकल्याने रक्तदाब कोसळतो तेव्हा, तर अजूनही ४० ते ५० टक्के रुग्ण वाचत नाहीत.

म्हणून डॉक्टरांना थेट विचारा: नुसतं लक्ष ठेवायला नेलंय, की रक्तदाब टिकत नाही म्हणून? आणि छातीत दुखत असताना आयसीसीयूच्या धास्तीने कृपा करून रात्र घरी काढू नका.