विरळ हवेने सिकूचा सूर चढत नाही

पेरूमध्ये टिटिकाका सरोवराकाठी, 3,800 मीटरहून उंचावर पुनो शहर आहे. तिथल्या कॅन्डेलारिया मातेच्या फेब्रुवारीतल्या उत्सवाला 2014 साली युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळालं. त्यात आयमारा या तिथल्या मूळनिवासी समाजातल्या सिकूरींचे ताफे असतात. सिकू हे वेळूच्या लहानमोठ्या नळ्या शेजारी बांधून केलेलं वाद्य. सिकूरी ते फुंकत नाचतात. इतक्या उंचीवर हवा विरळ, म्हणून सूर चढा लागत असेल, असं सहज वाटतं. ते खरं नाही.

बासरी ध्वनीच्या दृष्टीने दोन्हीकडे उघडी असते, सिकूची नळी मात्र तळाशी बंद. बंद टोकाशी हवेला हलायला वाव नाही, तोंडाशी ती सर्वांत मोकळी. त्यामुळे नळीत तरंगलांबीचा चौथा हिस्सा मावतो. ध्वनीच्या वेगाला नळीच्या चौपट लांबीने भागलं की वारंवारता मिळते. 15 अंश सेल्सिअसला हा वेग सेकंदाला सुमारे 340 मीटर, म्हणजे 440 हर्ट्झच्या सुराला 19.3 सेंटिमीटर नळी हवी. तोंडाबाहेरची थोडी हवाही नळीतल्या हवेबरोबर हलते, म्हणून प्रत्यक्षात ती जरा आखूड लागते.

आता उंचीचं बघू. ध्वनीचा वेग दाब आणि घनता यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो. तापमान तेच असेल तर उंचावर दोन्ही सारख्याच प्रमाणात घटतात, गुणोत्तर बदलत नाही. सूर उतरवते ती थंडी. 5 अंशाला हीच नळी 432 हर्ट्झवर येते. एकाची नळी फुंकून तापलेली आणि शेजाऱ्याची गार राहिली, की दोन सुरांच्या टकरीतून सेकंदाला आठ हेलकावे ऐकू येतात. नळी मुळातच लांब झाली असेल तर तळाशी थोडं मेण किंवा चार दाणे टाकून सूर चढवता येतो.

विरळ हवेचा फटका बसतो तो वाजवणाऱ्याला. सलग जोरात फुंकलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि चक्कर येते. (या गरगरण्याला ‘ऊर्जा जागृत झाली’ म्हणून विकणाऱ्यांवर अजिबात विश्वास ठेवू नका.) सिकूची रचना इथे फार सुंदर उपयोगी पडते. वाद्य दोघांत वाटलेलं असतं: इरा आणि आर्का. नेहमीच्या रचनेत इराला 6 नळ्या, आर्काला 7, आणि सप्तकातले स्वर एकाआड एक वाटलेले. आर्कात रे, तीव्र म, ध. इरात ग, प, नी. एकटा कुणीही पूर्ण चाल वाजवू शकत नाही. एक फुंकतो तेव्हा दुसरा श्वास घेतो. ही पद्धत विरळ हवेमुळेच निघाली, असं मात्र एवढ्यावरून सिद्ध होत नाही. ती सखल भागातही तितकीच चालते, आणि मिळून वाजवण्याला आयमारा समाजात स्वतंत्र मोल आहे.

बोलिव्हियाच्या पठारावरच्या सुरी सिकूरी नृत्यात डोक्यावर सुरी पक्ष्याच्या पिसांचा छत्रीएवढा गोल मुकुट असतो. सुरी म्हणजे न उडणारा रिया. त्याच्या पिसांचे तंतू आकड्यांनी एकमेकांत अडकलेले नसतात, म्हणून पिसं मोकळी डोलतात. पण जडत्वाघूर्ण, म्हणजे वस्तूचा फिरण्यातल्या बदलाला होणारा विरोध, केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाने वाढतं. तेवढ्याच वजनाची पिसं दुप्पट लांबवर गेली की मुकुट फिरवायला चौपट जोर लागतो, आणि थांबवायलाही. झटक्यात वळलं तर डोकं फिरतं, मुकुट मागे राहतो, मान पिळवटते आणि ओठ नळीच्या कडेवरून सरकून सूर तुटतो. म्हणून गिरकी सावकाश सुरू करायची, आणि थांबवायच्या दोन पावलं आधीच तिचा वेग उतरवायचा.