टोटोरोमधली आंघोळ आणि डोरेमॉनमधली आंघोळ: दोन्ही बघताना अवघडतं, पण कारण एक नाही

पोरांसोबत 'माय नेबर टोटोरो' हा जपानी ॲनिमेशन सिनेमा बघायला बसलं की सुरुवातीलाच एक सीन येतो आणि घरातली मोठी माणसं चुळबुळ करायला लागतात. नव्या घरात राहायला आलेले बाबा आणि त्यांच्या दोन मुली, शाळेत जाणारी सात्सुकी आणि चार वर्षांची मेई, तिघं एकत्र आंघोळ करतायत. आपल्याकडे लगेच कुणीतरी रिमोट शोधतं, कुणीतरी "हे काय दाखवतात" म्हणतं, आणि मग "जपानी कार्टूनं अशीच असतात" असा एक शेरा मारून विषय संपतो. हाच शेरा डोरेमॉन या कार्टूनमधल्या शिझुकाच्या, म्हणजे नोबिताच्या मैत्रिणीच्या, आंघोळीच्या सीनलाही मिळतो आणि इथेच खरी गल्लत आहे, कारण या दोन आंघोळींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही.

आधी टोटोरोचं बघू. सिनेमा १९८८ चा, हायाओ मियाझाकींचा, गोष्ट १९५० च्या दशकातल्या जपानी खेड्यातली. जपानी घरात आंघोळ म्हणजे आधी टबाच्या बाहेर बसून साबण लावून अंग स्वच्छ धुवायचं आणि मगच गरम पाण्याच्या टबात गळ्यापर्यंत बसायचं, तेच पाणी सगळं घर वापरतं, म्हणून ते कुणी घाण करत नाही आणि गरम राहावं म्हणून वर झाकण ठेवतात. लहान मुलं आई किंवा बाबांबरोबर टबात बसतात, दिवसभराच्या गप्पा तिथेच होतात. कामावरून उशिरा येणाऱ्या बापाला मुलांबरोबर निवांत बसायला मिळणारी ही एकच वेळ असते बऱ्याच घरांत. आता सिनेमात त्या वेळी काय चाललंय ते बघा. बाहेर वारा घोंगावतोय, जुनं घर करकर वाजतंय, आई दवाखान्यात आहे, मुली घाबरल्यात, आणि बाबा मोठमोठ्याने हसायला लागतात, म्हणतात तुम्हीपण हसा, भीती पळून जाईल. मग तिघं हसत सुटतात आणि घरातली काजळीची भुतं खरंच घर सोडून जातात. या सीनमध्ये कुणीही कुणाकडे 'बघत' नाहीये. जी लाज आहे ती पूर्णपणे आपल्या बाजूची आहे, पडद्याच्या आत कुणालाच वाटत नाही.

आपल्याला हे कळायला खरं तर अवघड जाऊ नये. आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात हजारो माणसं उघड्यावर स्नान करतात, त्यात घरची, दारची, अनोळखी सगळीच असतात, आणि तिथे कुणाच्या मनात वेगळं काही येत नाही. पण बाहेरच्या माणसाने तेच पहिल्यांदा बघितलं तर तो थबकणारच.

आता शिझुका. नोबिता एनीव्हेअर डोअर (हवं तिथे पोचवणारं जादूचं दार) उघडतो आणि थेट तिच्या बाथरूममध्ये पोचतो, ती किंचाळते, पाणी उडवते, तो पळतो, आणि बघणाऱ्याने हसायचं असतं. ही शाळकरी मुलगी आहे, आंघोळीला एकटी बसलेली आहे, तिला हे नको आहे हे ती दर वेळी ओरडून सांगतेय, आणि गंमत नेमकी त्याच गोष्टीची केली जाते. याला जपानी संस्कृती म्हणणं हा जपानी माणसांवर अन्याय आहे. तिकडच्या कुठल्याही घरात मुलीच्या बाथरूमचं दार असं उघडणं चालत नाही. ही जुन्या मुलांच्या कॉमिक्समधली एक विनोदाची खोड आहे, वर्षानुवर्षं कुणी हलवली नाही म्हणून राहिलेली, आणि जपानमधल्या पालकांनीही तिच्यावर टीका केलेली आहे. तुम्हाला डोरेमॉन आवडतं (मलाही आवडतं, मनापासून) म्हणून हे गिळायची गरज नाही.

म्हणजे कसोटी साधी आहे, आधी सीनमधल्या माणसांना स्वतःला काय वाटतंय ते बघायचं आणि मग आपल्याला काय वाटतंय ते. आत सगळे निवांत आहेत आणि फक्त आपणच अवघडलोय, तर बहुतेक वेळा ती सवयीची गोष्ट असते. आतलं कुणीतरी दुखावलंय, घाबरलंय, आणि तरी सिनेमा आपल्याला हसवतोय, तर खटकायलाच पाहिजे.

आणि एक, संस्कृती म्हटलं की ती कायमची तशीच असते असंही नाही. सार्वजनिक स्नानगृहांत मुलगा-मुलगी एकत्र आंघोळ करायची वयोमर्यादा जपानच्या आरोग्य मंत्रालयाने २०२० च्या डिसेंबरमध्ये साधारण १० वरून ७ वर्षांवर आणली, टोकियोत ती २०२२ च्या जानेवारीपासून लागू झाली. म्हणजे किती वयापर्यंत काय चालेल यावर तेही विचार करतायत, बदलतायत. १९५० च्या दशकातलं घर बघून आजच्या जपानबद्दल बोलणं बरोबर नाही.

आता याची उलटी बाजू, जी मला जास्त महत्त्वाची वाटते आणि जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. जे ओळखीचं असतं ते खटकत नाही, जरी दिग्दर्शकाने ते खटकावं म्हणूनच ठेवलेलं असलं तरी. इसाओ ताकाहातांचा 'ओन्ली यस्टरडे' (१९९१) घ्या. सत्तावीस वर्षांची ताएको गावाकडे निघालीय आणि तिला १९६६ सालची, पाचवीतली ती स्वतः आठवत राहते. त्यात एक सीन आहे. सगळे बाहेर चायनीज जेवायला निघालेत, ताएकोला बहिणीची पर्स हवी होती, ती रुसते, मी येतच नाही म्हणते, आणि सगळे खरंच निघाले म्हटल्यावर अनवाणीच बाहेर धावत येते. बाबा वळतात आणि एक ठेवून देतात.

हे बघताना आपल्या घरात कुणीही चुळबुळ करत नाही. "लाडावलेली आहे, बरं झालं" असंही ऐकलंय मी. पण या एका सीनमध्ये दोन्ही गोष्टी एकात एक गुंतलेल्या आहेत. अनवाणी बाहेर येणं इतकं वाईट का, हे आपल्याला कळत नाही कारण आपण अंगणात, देवळात, शेतात अनवाणी जातोच, तर जपानी घरात आतलं आणि बाहेरचं यांच्यामधली रेघ उंबऱ्याशीच असते, चपला-बूट तिथेच काढायचे आणि तिथेच घालायचे, ती रेघ मुलीने सगळ्यांदेखत मोडली म्हणून बापाचा हात सुटतो. हा झाला सवयीचा भाग, तो समजून घ्यायचा. पण ती थप्पड ही सवय नाहीये. बाबांनी आयुष्यात मारलेली ती एकच थप्पड, आणि ताएको मोठी झाल्यावरही तिच्याबद्दल बोलत राहते, का मारलं असेल याचं उत्तर तिला मिळालेलं नाही. याच बाबांनी तिला कॉलेजच्या मुलांच्या नाटकात काम करायला एका वाक्यात नाही म्हटलं, चर्चा नाही, कारण नाही, जेवण चालू. आवाजही चढवला नाही. आपल्यातल्या कितीजणांचे बाबा असेच होते, म्हणून तो माणूस आपल्याला 'नॉर्मल' वाटतो आणि सिनेमा जिथे बोट ठेवतोय ते आपल्याला दिसतच नाही.

त्याच सिनेमात पाळीचा विषय येतो, वर्गातल्या मुलींना वेगळं बसवून माहिती देतात, मुलांना कळतं, मग चिडवणं सुरू होतं, आजारपणामुळे पीटीला न गेलेल्या ताएकोलाही वाटतं की आता सगळ्यांना 'तसंच' वाटेल. हा सिनेमा अमेरिकेत थिएटरमध्ये थेट २०१६ ला लागला आणि उशिराचं एक कारण म्हणून हाच भाग सांगितला जातो. आपल्याकडे वडील आणि मुलगी एकत्र बघत असतील तर दोघंही भिंतीकडे बघतील, पण हे अवघडणं परकं नाही, कावळा शिवला म्हणून बाजूला बसवणाऱ्या घरांना ते चांगलंच ओळखीचं आहे. तेव्हा इथे रिमोट शोधू नका, प्लीज.

नात्यांच्या बाबतीत तर आपण फार वेगळ्या जागी उभे आहोत. जपानी कायद्यात कुठल्याही चुलत-मामे-आते-मावस भावंडांचं लग्न चालतं, त्यामुळे ॲनिमेत (जपानी ॲनिमेशनमध्ये) असं प्रेम दाखवलं की अमेरिकन प्रेक्षक हादरतात. मराठी माणूस मात्र अर्धाच हादरतो, कारण मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे कितीतरी समाजांत पिढ्यान्‌पिढ्या होत आलंय, पण काकाची किंवा मावशीची मुलगी म्हणजे सरळ बहीण. जपानी कायदा हा फरकच करत नाही. हा सवयीचा प्रश्न. सख्ख्या भावा-बहिणीचा प्रश्न आला की तिकडेही गोष्ट बदलते. 'फ्रॉम अप ऑन पॉपी हिल' (२०११) मध्ये १९६३ च्या योकोहामातल्या, एकमेकांच्या प्रेमात पडलेल्या उमी आणि शुन यांना कळतं की आपले वडील बहुतेक एकच, आणि शुन तिला टाळायला लागतो, दोघं आतून तुटतात. तिथे आपल्याला जे नको नको वाटतं तेच त्यांनाही वाटतंय, सिनेमा आपल्या बाजूनेच आहे.

शिनचॅनबद्दल दोनच वाक्यं. ते कॉमिक १९९० मध्ये मोठ्या माणसांच्या मासिकात सुरू झालं होतं आणि जपानी पालकांच्या 'मुलांना दाखवू नये' यादीत वर्षानुवर्षं होतं, त्यामुळे तुम्हाला ते खटकत असेल तर तुमच्यात आणि ओसाकातल्या एखाद्या आईत काही फरक नाही.

ही कसोटी सगळीकडे चालते असं मात्र नाही. 'उसागी ड्रॉप' हे त्याचं उदाहरण. तिशीतला अविवाहित दाइकिची आजोबांच्या अंत्यविधीला जातो, तिथे आजोबांची सहा वर्षांची मुलगी रिन कुणालाच नको असते, आणि तो तिला घरी आणतो. शाळा, ताप, डबा, ऑफिसातलं काम कमी करून घेणं, एकट्या बापाचं इतकं खरं चित्रण मी क्वचित बघितलंय. पण मूळ मांगा (जपानी कॉमिक) पुढे दहा वर्षांची उडी मारतो आणि शेवटी मोठी झालेली रिन त्याच्याशीच लग्न करायचं ठरवते. आतली पात्रं तयार आहेत, रिनचं त्याच्याशी रक्ताचं नातं नाही असंही लेखिकेने दाखवून ठेवलंय, म्हणजे माझ्या कसोटीप्रमाणे सगळं ठीक. पण ज्याने केस विंचरून शाळेत सोडलं तो बापच असतो, आणि कितीतरी जपानी वाचकांनाही हा शेवट पचलेला नाही. ॲनिमे २०११ चं आहे, ११ भागांचं, आणि ते रिन लहान असतानाच संपतं. ते नक्की बघा, मुलांबरोबर बघा, आणि मांगाचा पुढचा भाग उघडू नका.