एसएसचा पाइप पोट का काढतो

खराट्यातली एक काडी घ्या, चांगली वीतभर लांब, टेबलावर उभी धरा आणि वरून बोटानं हळूहळू दाबा. थोडा वेळ काहीच होत नाही, काडी सरळच राहते, आणि मग एका क्षणी ती पटकन बाजूला वाकते, म्हणजे चिरडली नाही, मोडली नाही, फक्त पोट काढलं. बोट उचललं की परत सरळ. आता तीच काडी अर्धी तोडून दाबून बघा, बोटाला खड्डा पडेल पण काडी लवकर ऐकणार नाही.

यालाच इंजिनिअर लोक बकलिंग म्हणतात. लिओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञानं याचं गणित १७४४ मध्येच मांडलं, तेव्हा स्टीलच्या बिल्डिंगा कुठेच नव्हत्या. त्याच्या सूत्रात एक गोष्ट मला अजूनही थक्क करते, ती म्हणजे धातू किती वजनाला चिरडेल हा आकडा त्यात येतच नाही. फक्त तीन गोष्टी येतात, धातू किती कडक आहे म्हणजे वाकायला किती विरोध करतो, आडव्या छेदाचा आकार कसा आहे, आणि लांबी. त्यातही लांबीचा वर्ग, म्हणजे उंची दुप्पट केली की खांब एक चतुर्थांश वजनालाच वाकणार.

आता खरा पाइप घेऊ. ५० बाय ५० मिमीचा चौकोनी एसएस म्हणजे स्टेनलेस स्टीलचा पाइप, जाडी २ मिमी, ग्रेड ३०४, म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. उंची ३ मीटर, आणि दोन्ही टोकं बिजागरीसारखी फिरू शकतात असं धरू. नुसतं चिरडायचं म्हटलं तर याला साधारण ८ टन लागतील. पण ऑयलरचं सूत्र सांगतं की हा सव्वातीन टनाच्या आसपासच पोट काढेल. म्हणजे धातूची निम्म्याहून जास्त ताकद वापरलीच जात नाही, ती नुसती पडून राहते.

इथपर्यंत साधं स्टील आणि स्टेनलेस यात फारसा फरक नाही, कारण दोघांचा सुरुवातीचा कडकपणा जवळपास सारखाच असतो, २०० गिगापास्कलच्या आसपास (पास्कल हे ताण आणि कडकपणा मोजायचं एकक). गंमत पुढे आहे.

साधं माइल्ड स्टील ताणलं की ते ठरावीक ताणापर्यंत, समजा २५० मेगापास्कलपर्यंत, एकाच प्रमाणात ताणलं जातं आणि मग एकदम हात टेकतं, त्याचा आलेख काढला तर तिथे स्पष्ट कोपरा दिसतो. ३०४ चं तसं नाही. त्याच्या आलेखाला कोपराच नसतो, गोलाकार वळण असतं, ते केव्हा नरम पडायला लागलं हे नेमकं बोट ठेवून सांगता येत नाही, म्हणून मग ज्या ताणानंतर लांबीत ०.२ टक्के कायमचा बदल राहील तो ताण सोयीसाठी मर्यादा म्हणून धरतात. ३०४ साठी तो २१० मेगापास्कलच्या आसपास येतो. पण धातू त्याच्या कितीतरी आधी, निम्म्या ताणालाच, सैल व्हायला लागलेला असतो, आणि त्या २१० पर्यंत पोचेस्तोवर त्याचा त्या क्षणाचा कडकपणा मूळच्या साधारण बाराव्या हिश्श्यावर आलेला असतो!

आणि वाकायला विरोध तर कडकपणाच करतो ना. म्हणून तोच पाइप दीड मीटरचा घेऊन बघा. ऑयलर म्हणतो १३ टन, चिरडायचा हिशोब म्हणतो ८ टन, आपण सहज म्हणू की चला, ८ तर नक्की. पण त्या त्या ताणाला उरलेला कडकपणा धरून गणित केलं की उत्तर येतं पाच-साडेपाच टन. तेही पाइप आदर्श सरळ धरून, प्रत्यक्षात थोडा बाक असतोच, वजन अगदी मधोमध कधीच येत नाही, त्यामुळे अजून कमी. म्हणून स्टेनलेसला चकचकीत माइल्ड स्टील समजून डिझाइन करू नये, त्याचे वेगळे नियम आहेत आणि ते असायलाच हवेत.

उरलेला कडकपणा धरायची ही कल्पना फ्रिड्रिश एंगेसर या जर्मन इंजिनिअरनं १८८९ मध्ये मांडली. त्यावर आक्षेप आले, बाक आलेल्या खांबाची एक बाजू अजून दाबली जाते पण दुसरी मोकळी होते आणि मोकळी होणारी बाजू पुन्हा कडक वागते, मग वजन जास्त यायला हवं, हे त्याला पटलं आणि त्यानं स्वतःचंच सूत्र बदललं. कागदावर नवीन सूत्र बिनतोड होतं, पण प्रयोगात खांब जुन्या आकड्याजवळच वाकत राहिले. हा गुंता पन्नासेक वर्षं चालला. शेवटी विमानांच्या क्षेत्रातल्या शॅनलीनं १९४७ मध्ये दाखवून दिलं की खांब सरळ राहून वजनाची वाट बघत नाही, वजन वाढत असतानाच तो बाक घ्यायला सुरुवात करतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूला मोकळं व्हायची संधीच मिळत नाही. मला हे फार सुंदर वाटतं, एवढं गणित आणि चूक निघाली ती फक्त आधी काय आणि नंतर काय यात.

स्टेनलेसची नुसती दुबळी बाजू सांगून थांबणं अन्यायाचं होईल. आगीत ते साध्या स्टीलपेक्षा खूप चांगलं टिकतं. युरोपच्या डिझाइन नियमांत ६०० डिग्री सेल्सिअसला साध्या स्टीलचा कडकपणा मूळच्या ३१ टक्के धरतात आणि स्टेनलेसचा ७६ टक्के, आणि बकलिंगच्या बाबतीत हाच आकडा खांबाचं नशीब ठरवतो.

दुसरं म्हणजे थंड अवस्थेत वाकवलं की ३०४ अजून मजबूत होतं. चौकोनी पाइप पट्टी वाकवून बनतो, त्यामुळे त्याचे चारही कोपरे सपाट बाजूंपेक्षा बरेच तगडे असतात, आणि ते मध्यापासून सगळ्यात लांब असल्यामुळे वाकायला विरोधही तेच जास्त करतात. हे घरी तपासता येतं. फ्रिजवरचा चुंबक काढून स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या सिंकला लावा, सिंक ३०४ चा असेल तर सपाट तळाला तो चिकटत नाही, पण जिथे पत्रा खोल ओढून गोल वळवलाय त्या कोपऱ्यात बऱ्याचदा हलकीशी ओढ जाणवते. पत्रा वाकवताना तिथल्या धातूची आतली रचना थोडी बदलते, ती बदललेली रचना चुंबकाला ओढते आणि जास्त कठीणही असते. म्हणून कोपऱ्यात चुंबक ओढला म्हणजे माल नकली असं लगेच ठरवू नका, आणि उलट अजिबात चिकटला नाही म्हणून ३०४ च आहे असंही नाही, स्वस्तातलं २०२ सुद्धा चुंबकाला दाद देत नाही.