हुकूम एक, डोळे दोन

'डोकं न हलवता माझ्या बोटाकडे बघा,' असं म्हणत डॉक्टर बोट उजवीकडे नेतात आणि आपली दोन्ही बुबुळं बरोबरीने सरकतात. दिसायला एकच हालचाल. पण उजवा डोळा कानाकडे वळलेला असतो आणि डावा नाकाकडे. म्हणजे वळवणारे स्नायू वेगळे आणि त्यांना हुकूम पोचवणाऱ्या चेताही (नर्व्ह) वेगळ्या. उजव्या डोळ्याला सहावी मस्तिष्क-चेता वळवते, डाव्याला तिसरी. मग दोघांचा मेळ कोण घालतं?

ही जोडणी मस्तिष्कस्तंभात, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या बुंध्यात आहे. तिथे उजव्या बाजूला सहाव्या चेतेचं छोटंसं केंद्र असतं आणि त्यात दोन प्रकारच्या पेशी नांदतात. एका प्रकारच्या पेशींचे तंतू सरळ उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या स्नायूकडे जातात. दुसऱ्यांचे तंतू मध्यरेषा ओलांडून डाव्या बाजूने वर चढतात आणि तिसऱ्या चेतेच्या केंद्राला तोच निरोप देतात. 'उजवीकडे' हा हुकूम एकदाच येतो, त्याची प्रत इथे निघते.

वर चढणारी ही तार तुटली की काय होतं, ते पाहण्यासारखं आहे. तरुणांत मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे (मज्जातंतूंचं आवरण खराब करणारा आजार), वयस्कांत बहुधा छोट्याशा पक्षाघातामुळे ती तुटते. डावी तार तुटलेल्या माणसाला उजवीकडे बघायला सांगितलं, तर उजवा डोळा जातो, पण तिथे थरथरत राहतो. डावा मध्यावरच अडकतो आणि एकाचे दोन दिसू लागतात. गंमत पुढे आहे. बोट नाकाजवळ आणलं, की तोच अडेल डावा डोळा पुष्कळदा सहज आत वळतो! स्नायू शाबूत, तिसरी चेताही शाबूत. जवळ बघण्याचा हुकूम वेगळ्या वाटेने येतो, एवढंच. एमआरआयच्या आधी, नुसत्या बोटाने बिघाडाची जागा सांगता येते. मला तर ही मज्जाशास्त्रातली सर्वांत देखणी तपासणी वाटते.

डोळ्यांची ही जोडी जन्मजात की सवयीची, यावर एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञांत चांगलीच जुंपली होती. हेल्महोल्ट्झ म्हणत, प्रत्येक डोळा स्वतंत्र असतो, मेळ शिकावा लागतो. हेरिंगने 1868 मध्ये उलट मांडलं: एकाच लगामाने हाकलेल्या घोड्यांच्या जोडीसारखे हे डोळे. वर सांगितलेली जोडणी हेरिंगच्या बाजूने कौल देते खरी. पण 1998 मध्ये माकडांच्या मस्तिष्कस्तंभातल्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. दोन्ही डोळ्यांना सामाईक हुकूम देणाऱ्या मानलेल्या पेशींपैकी अनेक पेशी प्रत्यक्षात एकेकाच डोळ्याच्या हालचालीशी जुळत होत्या. हेल्महोल्ट्झचा पक्ष त्यामुळे पुन्हा वादात उतरला.