स्टेंटची कॅप आणि खुला बाजार: मागची गोष्ट

ठाण्यात कुणाची अँजिओप्लास्टी झाली, म्हणजे हृदयाच्या तुंबलेल्या रक्तवाहिनीत स्टेंट नावाची बारीक जाळीची नळी बसवली, की बिलावरून घरात चर्चा होतेच. एकाचं म्हणणं सरकारने सगळे दर बांधून टाकावेत, दुसऱ्याचं की सरकारने मधून बाजूला व्हावं, कॉम्पिटिशन आपोआप भाव पाडेल. वाद जुना आहे. आरोग्याचा बाजार भाजी-मोबाईलसारखा चालत नाही, कारण काय विकत घ्यायचं हे पेशंटला कळत नाही, असं एका अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६३ सालीच मांडलं होतं.

आपल्याकडे १९७९ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने ३४७ औषधांवर किंमत नियंत्रण होतं, १९९५ ला ७४ वर आलं. २०१३ मध्ये तर पद्धतच बदलली, उत्पादन खर्च बघायचं बंद झालं आणि किमान १ टक्का बाजार असलेल्या ब्रँडची सरासरी धरायला लागले. म्हणजे बाजारभाव हाच योग्य भाव, हे सरकारनेच मान्य केलं.

खरी ठिणगी पडली ती २०१७ ला. स्टेंट आवश्यक औषधांच्या यादीत आदल्या वर्षीच आलेला, म्हणजे त्याची किंमत बांधायची वाट मोकळी झालेली, मग फेब्रुवारीत साध्या स्टेंटला ७,२६० रुपये आणि औषधवाल्या (औषधाचा लेप असलेल्या) स्टेंटला २९,६०० रुपये अशी कॅप, म्हणजे कमाल किंमत, लागली. त्याआधी औषधवाल्या स्टेंटची एमआरपी सहज लाखाच्या वर असायची. खुल्या बाजारवाल्यांनी जोरदार विरोध केला, की जुन्या पिढीचा आणि नव्या पिढीचा स्टेंट एकाच भावात कसा बसवता, नवीन टेक्नॉलॉजी इथे येणारच नाही. मुद्दा अगदीच पोकळ नव्हता, काही परदेशी कंपन्यांनी महागडे स्टेंट परत न्यायची परवानगी मागितली आणि सरकारला पुरवठा चालू ठेवायचा आदेश काढावा लागला.

पण कॅपच्या आधी जे होतं त्याला मी तरी बाजार म्हणणार नाही. पेशंट आत टेबलवर, मनगटातून वायर गेलेली, आणि डॉक्टर बाहेर येऊन नातेवाईकांना विचारतात, इंडियन टाकू की इम्पोर्टेड? त्या क्षणी कोण म्हणेल की थांबा, वाशीच्या हॉस्पिटलला फोन करून रेट विचारतो? कंपन्यांची चढाओढ होती, पण ती हॉस्पिटलला जास्त मार्जिन द्यायची, म्हणून एमआरपी जितकी जास्त तितका स्टेंट विकायला सोपा. कॉम्पिटिशनने भाव वाढायचा! मधल्या साखळीत सगळ्यात मोठा वाटा हॉस्पिटलचा निघाला, हे किंमत ठरवणाऱ्या संस्थेच्याच आकड्यांत आलं. कॅपनंतर स्टेंट स्वस्त झाला, पण पॅकेज त्या प्रमाणात उतरलं नाही अशा तक्रारी सुरू झाल्या, प्रोसिजर चार्ज, बलून, कॅथेटर असे दुसरे आकडे फुगले. स्टेंटचा ब्रँड, बॅच नंबर आणि किंमत बिलात वेगळी दाखवायची सक्ती तर कॅपच्या आदेशातच होती. २०१८ ला औषधवाल्याची कॅप आणखी उतरून २७,८९० झाली.

उलट ठाण्यात नौपाड्यातल्या पॅथॉलॉजी लॅब बघा. सीबीसी, थायरॉईड, लिपिड, सगळ्यांचे रेट व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, माणूस घरी बसून चार ठिकाणचे भाव बघतो आणि सकाळी सॅम्पल घ्यायला पोरगा दारात हजर. तिथे खुल्या बाजारवाल्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं.

नवी मुंबईत अजून एक गुंता आहे. सिडकोच्या, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, काळात हॉस्पिटलांना सवलतीत प्लॉट मिळाले, आणि धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांना २००६ च्या हायकोर्टाच्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा गरिबांना मोफत आणि १० टक्के सवलतीत द्याव्या लागतात. जमीन सवलतीची आणि दर मात्र बाजाराचे, हे कसं चालेल?

मग कोविड. मे २०२० ला राज्याने खासगी हॉस्पिटलच्या ८० टक्के खाटांचे दर ठरवले, वॉर्ड ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये दिवसाला. पीपीई किट त्यातून बाहेर ठेवलं आणि बिलात नेमकं तेच सुजलं, महापालिकांना ऑडिटर नेमून बिलं तपासावी लागली. स्टेंटचाच धडा परत.

२०२१ मध्ये राज्याच्या नर्सिंग होमच्या नियमांत दुरुस्ती होऊन पेशंटच्या हक्कांची सनद आणि दरपत्रक लावणं आलं. याला ना कॅपवाल्यांचा विरोध असायला हवा ना बाजारवाल्यांचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने केंद्राला विचारलं की हॉस्पिटलांसाठीच्या २०१२ च्या नियमांत लिहिलेले प्रमाणित दर अजून का ठरले नाहीत, पण ते नियम ज्या केंद्रीय कायद्याखाली आहेत तो महाराष्ट्राने स्वीकारलेलाच नाही, इथे अजून १९४९ चाच नर्सिंग होम कायदा चालतो.