घोटा मुरगळणे (खेळातील दुखापत)

घोटा मुरगळणे : धावताना, उडी मारून खाली येताना किंवा एकदम दिशा बदलताना पाऊल आत वळून घोट्याचे अस्थिबंध (हाडांना एकमेकांशी बांधणारे पट्टे) ताणले जाण्याची वा फाटण्याची दुखापत. बास्केटबॉल, व्हॉलीबॉल आणि फुटबॉलमध्ये ती नेहमी आढळते. कबड्डी आणि खो-खोच्या मैदानांनाही ती नवी नाही.

नडगीचे हाड (टिबिया) आणि त्याच्या बाहेरच्या बाजूचे बारीक हाड (फिब्युला) यांच्या चिमट्यात पावलाचे टेलस हे हाड बसून हा सांधा होतो. घोट्याची दोन्ही टोके बोटांनी चाचपून पाहिली, तर बाहेरचे टोक आतल्यापेक्षा खाली उतरलेले लागते. म्हणून पाऊल बाहेर वळताना अडते, आत मात्र सहज वळते. त्यात टेलस पुढून रुंद आणि मागून अरुंद असते. चवडा खाली झुकला की अरुंद भाग चिमट्यात येतो आणि सांधा सैल पडतो. उडी मारलेला खेळाडू चवड्यावर उतरतो तो नेमका याच अवस्थेत. व्हॉलीबॉलमध्ये जाळ्याखाली समोरच्याच्या पावलावर पाय पडला, की पुढचे काही सांगावे लागत नाही.

बाहेरच्या बाजूला तीन अस्थिबंध असतात. फिब्युलाकडून पुढे टेलसकडे जाणारा सर्वांत कमजोर, त्यामुळे तोच आधी जातो. धक्का मोठा असेल तर टाचेच्या हाडाकडे जाणाराही फाटतो, मागचा क्वचितच. आतल्या बाजूचा डेल्टॉइड अस्थिबंध जाड आणि मजबूत आहे, तो फाटला असेल तर हाडही मोडले आहे का, हे पाहावेच लागते. टिबिया आणि फिब्युला यांना एकमेकांशी बांधणारे बंध दुखावले तर ‘हाय अँकल स्प्रेन’ म्हणतात. त्यात सूज फारशी दिसत नाही, पण बरे व्हायला कितीतरी जास्त वेळ लागतो.

कबड्डीत चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकतो तेव्हा कोपऱ्यातला रक्षक त्याचा घोटा पकडतो. पाऊल जागीच अडकते, धड मध्यरेषेकडे झेपावत असते आणि मधला सगळा पीळ घोट्यावर येतो. खो-खोत भरवेगात खांबाला वळसा घालताना शरीराचा भार क्षणभर एकाच पावलाच्या कडेवर असतो.

दुखापतीच्या तीन प्रती मानतात : बंध ताणला जाणे, अर्धवट फाटणे आणि पूर्ण तुटणे. पहिल्या दिवशीच्या सुजेवरून प्रत ओळखू पाहणे फसवे ठरते. चार-पाच दिवसांनी सूज उतरल्यावर केलेली तपासणी जास्त भरवशाची. हाड मोडले आहे का, हा प्रश्न मात्र लगेच सोडवावा लागतो. त्यासाठी १९९२ मध्ये कॅनडात इयन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेले ‘ओटावा नियम’ जगभर वापरतात. घोट्याच्या दोहोंपैकी कोणत्याही टोकावर किंवा त्याच्या मागच्या कडेने सहा सेंटिमीटरपर्यंत हाड दाबल्यावर दुखत असेल, पावलाच्या बाहेरच्या कडेवरचा मधला उंचवटा किंवा आतल्या बाजूचे नॅव्हिक्युलर हाड दुखत असेल, अथवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर क्ष-किरण चित्र काढावे. लहान मुलांची हाडे वाढत असतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत अधिक सावध राहावे.

प्रथमोपचारावर आद्याक्षरांचे राज्य आहे. अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंचावर ठेवणे या चौकडीला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘राइस’ हे नाव दिले. पुढे त्यांनी स्वतःच बर्फ आणि पूर्ण विश्रांतीने भरून येणे लांबू शकते, असे सांगितले. २०१२ मध्ये ‘पोलिस’ आले आणि त्यात विश्रांतीच्या जागी बेताचा भार बसला. २०१९ मध्ये ‘पीस अँड लव्ह’, त्यात तर बर्फच वगळला. नावे बदलली तरी बर्फाने वेदना कमी होते, हे खरेच. तो रुमालात गुंडाळून १५-२० मिनिटे धरावा, थेट कातडीवर नको. क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून वर गुंडाळत न्यावे. बोटे बधिर किंवा निळी पडू लागली तर सैल करावे.

आंबेहळद-रक्तचंदनाचा लेप अनेक घरांत लावतात; कातडी फाटलेली नसेल तर त्याने सहसा बिघडत नाही. बिघडते ते गरम शेकाने आणि चोळण्याने, कारण पहिल्या दोन-तीन दिवसांत त्यामुळे सूज वाढते. मैदानावर ‘मुरगळा काढतो’ म्हणत पाय ओढायला पुढे येणारा कोणी ना कोणी असतोच. त्याला लांब ठेवावे.

दुखापत साधी वाटली तरी किती दिवस खाईल याचा नेम नसतो. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर क्रिकेट विश्वचषकाच्या सामन्यात बांगलादेशविरुद्ध हार्दिक पंड्या स्वतःच्याच गोलंदाजीवर लिटन दासचा फटका पायाने अडवू गेला आणि त्याचा डावा घोटा दुखावला. षटकाचे उरलेले तीन चेंडू विराट कोहलीने टाकले. पंड्या त्या विश्वचषकात पुन्हा खेळला नाही.

उपचाराचा अवघड भाग वेदना थांबल्यानंतर सुरू होतो, आणि बहुतेकजण नेमका तोच सोडून देतात. अस्थिबंधातल्या चेतातंतूंमुळे पाऊल किती वळले हे मेंदूला कळते. बंध दुखावला की ही जाणीवही मंदावते. पायाच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू मग उशिरा आवळतात आणि तोच घोटा पुन्हा मुरगळतो. म्हणून तोल परत मिळवावा लागतो : आधी एका पायावर उभे राहणे, मग डोळे मिटून, मग उशीवर. जोडीला टाचा उचलणे, रबरी पट्ट्याविरुद्ध पाऊल बाहेर ओढणे. शेवटी एका पायावर उड्या आणि आठच्या आकड्यात धावणे. हे सारे दुखऱ्या पायाला चांगल्या पायाइतके जमले की खेळायला उतरावे. तारीख पाहून उतरू नये. एकदा मुरगळलेल्या घोट्याला खेळताना ब्रेस किंवा टेप लावल्याने पुन्हा मुरगळण्याचा धोका कमी होतो.

पूर्ण तुटलेला बाहेरचा बंधही बहुधा शस्त्रक्रियेविना भरून येतो. व्यायाम करूनही घोटा वारंवार दगा देत असेल, तरच ती विचारात घेतात. त्यासाठी आज सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत स्वीडिश शल्यचिकित्सक लेनार्ट ब्रॉस्ट्रॉम यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या दुरुस्तीतून विकसित झाली आहे. तीत नवा बंध बसवत नाहीत, सैल पडलेलाच आवळून शिवतात.