समुद्रकाकडीतील रक्तसाकळरोधी बहुशर्करा

समुद्रकाकडी हा तारामाशाच्या गोत्रातला, समुद्रतळावर संथपणे सरपटणारा मऊ प्राणी. त्याच्या शरीरभित्तीत फ्युकोसिलेटेड काँड्रॉइटिन सल्फेट नावाची बहुशर्करा, म्हणजे अनेक शर्करांची लांब साखळी, असते. तिचा कणा आपल्या कूर्चेतल्या काँड्रॉइटिनसारखाच. मात्र त्यावर सल्फेटयुक्त फ्युकोज शर्करेच्या फांद्या असतात. या फांद्या काढून टाकल्या की रक्त साकळू न देण्याचा गुण जातो.

गुठळीवर आज सर्रास वापरले जाणारे हेपारिन डुकराच्या आतड्यापासून काढतात. ते अँटिथ्रॉम्बिन या रक्तातल्या साकळरोधी प्रथिनाला बळ देऊन थ्रॉम्बिन आणि दहावा घटक या रक्त साकळवणाऱ्या दोन प्रथिनांना आवरते, म्हणून गुठळी टळते पण रक्तस्रावाचा धोका वाढतो. समुद्रकाकडीची शर्करा थ्रॉम्बिनलाही आवरते. तिचा खरा वेगळेपणा मात्र रक्त साकळवणाऱ्या आठव्या आणि नवव्या घटकांची जोडी अडवण्यात आहे. याच घटकांच्या अभावाने हिमोफिलिया हा रक्त नीट न साकळण्याचा आजार होतो. जखम झाल्यावर रक्त थांबवण्याची सुरुवात दुसऱ्या वाटेने होते आणि ती वाट बरीचशी मोकळी राहते. प्राण्यांवरील प्रयोगांत गुठळी रोखताना रक्तस्राव तुलनेने कमी आढळला, तो यामुळेच. या संशोधनाचे सगळे मोल माझ्या मते इथेच आहे.

अडचणही मोठी आहे. मूळ लांब साखळी बिंबाणूंना (रक्तातल्या प्लेटलेट्सना) एकत्र चिकटवते आणि बाराव्या घटकाला चेतवते. त्यातून ब्रॅडिकायनिन हे रक्तवाहिन्या रुंदावणारे द्रव्य तयार होऊन रक्तदाब कोसळतो. २००८ मध्ये भेसळयुक्त हेपारिनमुळे अमेरिकेत अनेक रुग्ण दगावले. ती भेसळ अतिसल्फेटयुक्त काँड्रॉइटिनची होती आणि रक्तदाब कोसळण्याचे कारणही हेच होते. तेव्हा या शर्करेबाबत सावधगिरी अपरिहार्य आहे.

उपाय सापडला तो साखळीचे तुकडे करण्यात. चिनी संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले, की नऊ शर्करा-एककांचा तुकडाही आठव्या-नवव्या घटकांच्या जोडीला जोरकसपणे रोखतो, आणि आखूड तुकड्यांत वरील दुष्परिणाम ओसरतात. तरी पुरावा मुख्यतः प्रयोगशाळेतला आणि प्राण्यांवरचा आहे. समुद्रकाकडी खाल्ल्याने गुठळी विरघळते, असा अर्थ त्यातून काढू नये.

समुद्रकाकड्यांचा जगभर बेसुमार उपसा झाला आहे. भारतात २००१ पासून त्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तरी मन्नारचे आखात आणि लक्षद्वीप परिसरात त्यांची तस्करी होते. नऊ एककांची साखळी प्रयोगशाळेत रासायनिक रीतीने जुळवता आली आहे, ही बाब म्हणूनच औषधाइतकीच या प्राण्यासाठीही महत्त्वाची आहे.